वाड्यापुरता पत्ता

१२ नंबरचं घर पेडण्यात असू शकतं आणि डिचोलीतही. पोस्टमन गोंधळत नाही, कारण नंबर वाड्यापुरता. १९२.१६८ किंवा १० ने सुरू होणारे आयपी पत्ते असेच. १९९६च्या ‘आरएफसी १९१८’ या दस्तऐवजाने ते खासगी वापरासाठी राखून ठेवले, उघड्या इंटरनेटवर त्यांना वाट नाही.

लिनक्सवर हॉटस्पॉट सुरू केला की ‘नेटवर्कमॅनेजर’ लॅपटॉपला सहसा १०.४२.०.१ हा पत्ता देतो. जोडलेल्या मोबाइलना ‘डीएनएसमास्क’ पुढचे नंबर वाटतो, एखाद्याला १०.४२.०.५७. एकूण जागा २५४, पहिली घरमालकाची. मोबाइलने बाहेर काही मागितलं की लॅपटॉप स्वतःचा पत्ता पुढे करतो आणि आलेलं उत्तर ज्याचं त्याला पोचवतो.

फसगत बहुतेकदा इथे होते: लॅपटॉपला नेट वायफायनेच येतंय आणि कार्ड एकच. हॉटस्पॉट लावताच आलेलं नेटही तुटतं. पावसात वीज गेली, राउटर निजला, तर फोन यूएसबी केबलने जोडून टेदरिंग चालू करावं. मग वायफाय कार्ड हॉटस्पॉटसाठी मोकळं राहतं. पाहुण्या लॅपटॉपला हॉटस्पॉट दिसतो, पण नेट नाही? आधी त्याचा पत्ता बघा. १६९.२५४ ने सुरू होत असेल तर नंबर वाटणाराच जागेवर नाही.