कूस बदलताना

झाडावरून पडल्यापासून आमच्या भाऊला छातीखालचं काही कळत नाही. रोज सकाळी वहिनी त्याला कुशीवर वळवून माकडहाड, खुबे, टाचा निरखून बघते. लाल डाग दिसला की बोटाने दाबते. दाबल्यावर पांढरा पडला तर ठीक. लालच राहिला तर त्या अंगावर दिवसभर भार द्यायचा नाही. मग भाऊ स्वतः आरसा घेऊन पुन्हा बघतो. वहिनीच्या नजरेवर त्याचा विश्वास आहे, पण कातडी त्याची आहे.

रात्री दर दोन तासांनी कूस बदलायची. चाकांच्या खुर्चीत बसला की पंधरा-वीस मिनिटांनी दोन्ही हातांवर जोर देऊन बूड उचलायचं. कापसाच्या मुलखात राहून त्याला कापसाची गादी चालत नाही. ती दबते, गाठी होतात, आणि गाठ रात्रभर रुतली तरी त्याला पत्ता नाही. हवेच्या गादीचा पंप विजेवर चालतो. लाइन गेली की अख्खं घर जागं.

आमच्या पांढरकवड्याचा उन्हाळा तर वेगळीच परीक्षा. मणक्याच्या दुखापतीच्या खाली घाम येत नाही, त्यामुळे पारा 45 कडे सरकला की अंग तापतच जातं. मानेवर ओला पंचा, कूलर, पाणी. खुर्ची उन्हात ठेवायची नाही, कारण तापलेल्या लोखंडाने मांडी भाजली तरी कळतं ते कपडे बदलताना.

शिबिरात खुर्ची मिळते, फोटो निघतो. खाली घालायच्या जाड फोमच्या उशीचं कोणी नाव काढत नाही. मला विचाराल तर उशी आधी, खुर्ची नंतर.

खडकीच्या पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटरमध्ये 1974 पासून जखमी जवान एकत्र राहतात, खेळतात. मुंबईत डॉ. केतना मेहता यांनी स्वतःच्या मणक्याला इजा झाल्यावर 2001 साली नीना फाउंडेशन सुरू केलं. दोन्हीकडे खुर्चीतल्या माणसाला खुर्चीतलाच माणूस भेटतो. आमच्याकडे ते काम ओळखीतून चालतं. शेजारच्या गावातला एक पोरगा नुकताच पडलाय. त्याची आई भाऊकडे येऊन बसते. भाऊ तिला नळीने लघवी कशी काढायची ते सांगतो: दर चार ते सहा तासांनी, हात साबणाने धुऊनच, कितीही घाई असली तरी.

“आन् काकू, पोराले ताप आला, लघवी गढूळ दिसली, तं उद्याची वाट पाहू नका. त्याच दिवशी दवाखान्यात न्या.”