धूर निघतो, तेच गाव!

मुलांनो, अमेरिका म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर उंच उंच इमारती येतात ना? आज मी तुम्हांला तिथल्या कॅन्सस राज्यातल्या एका एवढ्याशा खेड्याची हकिकत सांगते. त्याचं नाव निकोडेमस.

१८७८ सालचा वसंत ऋतू. विलियाना हिकमन नावाची बाई नवऱ्याबरोबर, मुलांना घेऊन दूरच्या केंटकी राज्यातून निघाली होती. एलिस स्टेशनपर्यंत आगगाडी आणि पुढे दोन दिवस घोड्यांची गाडी. एलिसला सोबतच्या मुलांमध्ये गोवराची साथ आली, काही मुलं दगावलीसुद्धा. शेवटी एकदाचं गाव आलं म्हणून पुढची माणसं ओरडली. विलियाना इकडे बघते, तिकडे बघते, पण गाव कुठे दिसेचना! नवऱ्यानं बोट दाखवलं. जमिनीतून जागोजाग धूर निघत होता. तेच निकोडेमस! लोक चक्क जमीन खणून, आत चूल पेटवून राहत होते. बिचारीला रडूच कोसळलं. ही आठवण तिनं स्वतःच सांगून ठेवली आहे.

मग एवढ्या लांब ही माणसं आली तरी कशाला? तर जमिनीसाठी. ही सगळी कृष्णवर्णीय मंडळी. अमेरिकेतली गुलामगिरी १८६५ साली कायद्यानं संपली, पण वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या शेतात राबलेल्यांच्या नावावर वीतभर जमीन नव्हती. १८६२ च्या एका कायद्यानं मात्र सोय केली होती : सरकारी जमिनीवर पाच वर्षं राहा, ती कसा आणि १६० एकरांचे मालक व्हा. १८७७ मध्ये निकोडेमस वसवायचं ठरलं, जाहिराती वाटल्या गेल्या आणि त्याच वर्षी सुमारे ३०० माणसं येऊन दाखल झाली. जाहिरातीतलं गाव फारच सुंदर होतं बरं का!

घर बांधावं तर माळावर लाकूड नाही. कित्येकांकडे नांगर नाही, घोडा नाही. कुदळ-फावड्यानं जमीन फोडायची. पहिल्या हिवाळ्यात खायचे वांधे झाले, तेव्हा शिकारीहून परतणाऱ्या ओसेज आदिवासींनी आपल्यातलं मांस त्यांना दिलं, असं सांगतात. काही कुटुंबं कंटाळून माघारी गेली. राहिली त्यांनी मात्र कमाल केली. दहा वर्षांत तिथे शाळा, चर्च, दुकानं, हॉटेल, बँक आणि दोन-दोन वर्तमानपत्रं! बेसबॉलचा संघ होता, आणि आइस्क्रीमचं दुकानसुद्धा.

आता हवी होती फक्त आगगाडी. गावानं रेल्वे कंपनीसाठी १६,००० डॉलरचे रोखे मंजूर केले. पण बोलणी फिसकटली. १८८८ मध्ये दुसऱ्याच कंपनीचे रूळ पडले, तेही नदीच्या पलीकडून! दुकानदार काय करतील? उठले आणि रुळांपाशी गेले. तिथे बोग नावाचं नवं गाव उभं राहिलं. निकोडेमस ओसरू लागलं. १९३० नंतरच्या दुष्काळानं आणि धुळीच्या वादळांनी उरलेसुरले शेतकरीही हलले. १९५३ साली पोस्टही बंद झालं.

आज तिथे पंचवीस माणसंसुद्धा राहत नाहीत. पण १९९६ साली सरकारनं या गावाला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून जाहीर केलं. चर्च, शाळा, हॉटेल आणि सभागृहाच्या जुन्या इमारती उभ्या आहेत. आणि दरवर्षी जुलैअखेरीला, गुलामगिरीतून मुक्त झाल्याच्या आठवणीचा जो उत्सव पूर्वापार चालत आला आहे, त्यासाठी पहिल्या रहिवाशांची पणतवंडं-खापरपणतवंडं देशभरातून शेकडोंनी गावी येतात. मिरवणूक निघते, पंगती बसतात. मग दोन-तीन दिवस निकोडेमसच्या रस्त्यांवर पाय ठेवायला जागा नसते.