एक्स्प्लेनर : नाव शेतीचं, नियम उद्योगाचे! कृषी पदवीधरांनी कर्ज घेण्यापूर्वी काय पाहावं?

पुणे : शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयापासून दापोडी लोकलने अवघी दोन स्टेशनं. पदवी हातात आली की प्रश्न उभा राहतो. दापोडीत कॉट बेसिसवर राहून भोसरी-चाकणमध्ये नोकरी शोधायची, की कर्ज काढून स्वतःचा व्यवसाय सुरू करायचा? दुसरा पर्याय निवडणाऱ्यांनी काही गोष्टी आधीच समजून घ्यायला हव्यात.

योजना काय आहे?
केंद्राची 'अ‍ॅग्री-क्लिनिक अँड अ‍ॅग्री-बिझनेस सेंटर' योजना २००२ पासून सुरू आहे. कृषी व संलग्न शाखांच्या पदवीधरांना ४५ दिवसांचं मोफत प्रशिक्षण मिळतं. त्यानंतर माती परीक्षण, रोपवाटिका, अवजार बँक अशा व्यवसायांसाठी बँकेकडे अर्ज करता येतो. वैयक्तिक प्रकल्पाची मर्यादा साधारण २० लाख रुपये आहे. सबसिडी ३६ टक्के, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी ४४ टक्के.

सबसिडी हातात मिळते का?
नाही. ती बँकेत वेगळ्या खात्यात राहते आणि शेवटी कर्जात वळती होते. तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही, पण भांडवल म्हणून ती वापरता येत नाही. गैरसमज होतो तो इथेच.

पीककर्जापेक्षा वेगळं काय?
पीककर्ज थकीत ठरवताना हंगाम पाहिला जातो. व्यवसायाच्या कर्जाचा हप्ता ९० दिवसांपेक्षा जास्त थकला, तर खातं एनपीएत जातं. कर्जमाफीचंही तसंच. राज्याची २०१९ ची महात्मा जोतिराव फुले योजना २ लाखांपर्यंतच्या अल्पमुदत पीककर्जासाठी होती. व्यवसायाचं कर्ज त्यात बसत नव्हतं.

ताण कुठून येतो?
१० लाखांचं कर्ज, १० टक्के व्याज आणि ७ वर्षांची मुदत धरली, तर महिन्याचा हप्ता साधारण १६,६०० रुपये होतो. रोपवाटिकेची विक्री मात्र हंगामातच होते. हप्ता दर महिन्याला, कमाई वर्षातून दोनदा. झोप उडते ती या तफावतीमुळे. त्यात वडिलांच्या नावची जमीन तारण असेल तर अडचण घरात सांगणंही जड जातं. सिबिल बिघडला, तर पुढे गृहकर्जालाही अडथळा येतो.

सही करण्यापूर्वी बँकेला हे विचारा
- हप्ता तिमाही किंवा सहामाही करता येईल का?
- हप्ता सुरू होण्याआधी किती सवलतीचा काळ मिळेल? त्या काळातल्या व्याजाचं काय?
- सबसिडी मंजूर झाली नाही, तर हप्ता किती होईल?
- तारण लागेल का? कोणाच्या नावचं?

हप्ता चुकणार असं दिसलं, तर ९० दिवस उलटण्याआधीच शाखेत जाऊन मुदत वाढवून मागा. उशीर झाला की पर्याय कमी होतात. ताण असह्य होत असेल, तर 'टेली-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येतं.