साहेब, बैलांबद्दल आपलं मत काय?

आमच्या मोहन्यात निवडणूक येते ती संध्याकाळी. दिवसा इथला माणूस घरी सापडत नाही. सकाळी आंबिवली स्टेशनवर गाडी पकडून तो मुंबईकडे गेलेला असतो. परत येऊन, हातपाय धुऊन चहाला टेकला, की खाली ताशा वाजू लागतो आणि हात जोडलेले उमेदवार जिना चढू लागतात.

२०२४ च्या नोव्हेंबरातही विधानसभेसाठी असेच एक गृहस्थ आमच्या दारात उभे राहिले. नाव आणि पक्ष सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, कारण त्या दिवशीच्या उत्तरात पक्षाचा काही संबंध नव्हता. पाणी, रस्ते, लोकलची गर्दी यांवरची उत्तरे त्यांच्या जिभेवर तयार होती. शेजारचे तात्याही आमच्याकडेच बसलेले. एवढ्यात कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असलेली आमची कन्या पुढे झाली आणि म्हणाली, "साहेब, बैलगाड्यांच्या शर्यतींवरची बंदी उठवली. ते बरोबर झालं असं आपल्याला वाटतं का?"

साहेब क्षणभर थबकले. मग तात्यांच्या डोक्यावरच्या टोपीकडे पाहून म्हणाले, "बाळ, बैल म्हणजे आपल्या शेतकऱ्याचं दैवत! आपण परंपरेच्या बाजूचे." आणि कन्येच्या चेहऱ्याकडे पाहून लगेच पुढे, "पण मुक्या जनावराला त्रास होता कामा नये, हेही आमचं धोरण आहे हं." तात्यांच्या पायांना हात लावून मंडळी वरच्या मजल्यावर गेली.

चहा निवला आणि घरात वाद पेटला.

तात्या मूळचे खेड तालुक्यातले. तरुणपणी मोहन्याच्या रेयॉन कारखान्यात लागले, आणि २००९ साली तो बंद पडल्यावरही इथेच राहिले. वडिलांचा गाडा होता. घाटात बारी सुटताना पुढे घोडी, मागे चार बैल, वर भंडाऱ्याची पिवळी धूळ आणि 'भिर्रर्र' अशी आरोळी हे सांगताना सत्तरी उलटलेला हा माणूस खुर्चीत पुढे सरकतो. "घरात पोरांना दूध नसायचं, पण बैलाला अंडी नि तूप असायचं," ते म्हणाले. कन्या म्हणाली, "तूप घालून पराणी टोचायची, तात्याआजोबा?" तात्या गप्प झाले. थोड्या वेळाने म्हणाले, "टोचायचे. माझ्या बापानेही टोचलंय."

हे प्रकरण वाचकांना तुकड्यातुकड्यांनी ठाऊक असेल. मूळ कायदा १९६० चा. त्याची कथा मोठी बोलकी आहे. १९५२ साली राज्यसभेवर नियुक्त झालेल्या नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी प्राण्यांच्या छळाविरुद्ध स्वतःचे विधेयक आणले. सरकारनेच तसा कायदा करण्याचे आश्वासन दिल्यावर त्यांनी ते मागे घेतले, आणि पुढे कायदा झाला. बाई निवडून आलेल्या नव्हत्या, नेमलेल्या होत्या. मतांची धास्ती नसलेल्या खुर्चीतून हा विषय पुढे आला, हे मला सूचक वाटते. त्या कायद्याखाली जी जनावरे खेळासाठी शिकवू वा दाखवू नयेत अशांची यादी आहे. तिच्यात अस्वल, माकड, वाघ, बिबळ्या आणि सिंह होतेच. २०११ च्या जुलैत बैलही जाऊन बसला. गोठ्यातल्या बैलाला सिंहाची पंगत मिळाली ती अशी. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या.

जानेवारी २०१७ मध्ये तामिळनाडूत जल्लिकट्टूसाठी लाखो माणसे रस्त्यावर आली, तिथल्या विधानसभेने कायदा बदलला, आणि एप्रिलमध्ये आपल्याही विधानसभेने तेच केले. पशुसंवर्धनमंत्री महादेव जानकर यांनी मांडलेले विधेयक एकमताने मंजूर झाले. उच्च न्यायालयाने ते रोखून धरले; डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना तात्पुरती मोकळीक दिली, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने कायदा कायम केला. अमुक गोष्ट परंपरा आहे की नाही हे विधिमंडळाने ठरवावे, असेही पीठाने म्हटले.

म्हणजे प्रश्न फिरून आमच्या जिन्यातच आला. न्यायालय म्हणते प्रतिनिधीला विचारा, आणि प्रतिनिधी टोपी पाहून उत्तर देतो!

त्या 'एकमताने' या शब्दापाशी मी अडखळतो. राज्यात शंका असलेली माणसे होती. काही न्यायालयातही गेली. सभागृहात त्यांच्या बाजूने एकही हात वर झाला नाही. विलायतेत कोल्ह्यांच्या शिकारीवर २००४ च्या कायद्याने बंदी आली, तेव्हापासून तिथला मतदार आपल्या खासदाराला पत्र लिहून विचारतो, 'बंदी उठवायला मत देणार की नाही?' २०१५ साली बंदी सैल करण्याचा ठराव सरकारला विरोध दिसताच पुढे ढकलावा लागला. २०१७ च्या निवडणुकीत थेरेसा मे यांनी पक्षादेशाविना मतदानाचे वचन दिले, बहुमत गेले, आणि तेही बारगळले. तिथे खासदार नावानिशी दोन्ही बाजूंना सापडतात, म्हणून पत्राला अर्थ राहतो.

आणि पक्षादेशाला आपण ज्याला व्हिप म्हणतो, तो शब्दही शिकारीतलाच. कुत्र्यांचा कळप भरकटू नये म्हणून चाबूक घेऊन फिरणाऱ्या माणसाचे ते नाव. आपल्या नियमांनी बैलावर चाबूक उगारायला मनाई केली आहे. आमदारांवरची मनाई अजून कुणी सुचवलेली नाही.

आपल्याकडे खऱ्या शिकारीवरची बंदी मात्र निमूट पचली. एके काळी दिवाळी अंकात वाघाच्या शिकारीची कथा असायची, शेजारी बंदूकधारी लेखकाचे छायाचित्र. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर ती हौस ओसरली, आणि ती परत आणू असे आश्वासन देणारा उमेदवार मी पाहिलेला नाही. बंदुका थोड्यांच्या हाती होत्या. बैल मात्र हजारो गोठ्यांत आहेत आणि प्रत्येक गोठ्यामागे चार मते. शिरूरचे खासदार डॉ. अमोल कोल्हे यांनी फेब्रुवारी २०२२ मध्ये निमगाव दावडीच्या घाटात गाड्यापुढे घोडी पळवून आपला शब्द पाळला, तो उगाच नव्हे.

मी कोणत्या बाजूचा, असे वाचक विचारतील. बंदीच्या वर्षांत शर्यती थांबल्या नव्हत्या, त्या पहाटे चोरून होत होत्या. ऑगस्ट २०२१ मध्ये सांगली जिल्ह्यात झरे गावाजवळ विधान परिषदेच्या एका सदस्यांनीच पोलिसांना चकवून शर्यत भरवली. चोरीच्या शर्यतीत पशुवैद्य कुठला येणार? म्हणून नियमांत बांधलेली शर्यत मला चालेल. पण नियम पाळले गेले तर. धावपट्टी १००० मीटरांच्या आत, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, पशुवैद्याची तपासणी, काठी-चाबूक नाही, विजेचा झटका नाही, सगळ्याचे चित्रीकरण. आणि बैलाला क्लेश दिल्यास ५ लाखांपर्यंत दंड किंवा ३ वर्षांपर्यंत कैद. कागद उत्तम आहे.

यंदाच्या उन्हाळ्यात तात्या कन्येला एका गावच्या जत्रेत घेऊन गेले. भोंग्यावरून पुढाऱ्यांची नावे वाचण्यातच पहिला तास गेला. मग बाऱ्या सुटल्या. पहिल्या बारीला आमची कन्यादेखील ओरडली, हे तिने स्वतःच कबूल केले. पुढे ती बैल सुटतात त्या टोकाला जाऊन उभी राहिली. तिथे एक पोरगा बैलाची शेपटी मुठीत धरून पिळत होता. ती काही बोलायच्या आत तात्या दोरी ओलांडून आत गेले. "सोड! बापाची शेपटी आहे का रे?" पोराने सोडली. पशुवैद्य मांडवात होते. व्यासपीठावर दोन लोकप्रतिनिधी फेटे बांधून बसले होते. तिथून सुटण्याची जागा दिसत नव्हती.

परतीच्या गाडीत आजोबा-नातीने मिळून प्रश्न नव्याने लिहिला. बंदी उठवली ते बरोबर की चूक, हे त्यात नव्हते. 'परवानगी मिळालेल्या शर्यती आपल्या जिल्ह्यात किती झाल्या? त्यांचे चित्रीकरण कुणी पाहिले? एकाला तरी दंड झाला का? आणि हे आपण सभागृहात विचाराल का?' मी शुद्धलेखन तपासले, तात्यांनी सही केली, आणि पत्र निवडून आलेल्या आमच्या प्रतिनिधींना टपालाने गेले.

उत्तर दसऱ्यानंतर आले. जाड, चकचकीत कागदाचे दिवाळी शुभेच्छापत्र, वर साहेबांचा हात जोडलेला फोटो.

"बैल आहे का गं त्यावर?" तात्यांनी चष्मा शोधत विचारले.

होता. डाव्या कोपऱ्यात, शिंगे रंगवलेला.