एकाच घरांतील दोन संगणकांचा अबोला

सातपुड्याच्या पायथ्याशीं, तापीच्या उत्तरेस वसलेल्या चोपड्यांत धाब्याचीं जुनीं घरें अजून आढळतात. हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, वर लांकडी पाटण आणि त्यावर मातीचा थर. वैशाखांत साऱ्या खानदेशाची लाही होत असतां आंत गारवा राखणारी ही रचना बिनतारी लहरींना मात्र मुळींच मानवत नाहीं. अशा एकाद्या घरांत तळमजल्यावर वडिलांचा जुना संगणक असतो. केळीच्या बागेचे हिशेब, शेताचे उतारे, लग्नामुंजींचीं छायाचित्रें, असा पंधरा वर्षांचा संसार त्यांत सांठविलेला असतो. माडीवर मुलीचा नवा लॅपटॉप असतो. पुण्याच्या मावशीनें पाठविलेलें छायाचित्र माडीवर क्षणांत येतें. पण जिन्याच्या तेरा पायऱ्या खालीं असलेली हिशेबाची फाइल कांहीं केल्या वर येत नाहीं. शेवटीं पेनड्राइव्ह मुठींत धरून मुलीला जिना उतरावा लागतो.

अशा वेळीं दोन सल्ले न मागतां मिळतात. फायरवॉल बंद करून टाका, हा पहिला. जुना संगणक पुसून त्यांत सर्व कांहीं नव्यानें भरा, हा दुसरा. पहिला सल्ला घराचा दरवाजा उखडण्याचा आहे; दुसरा ताप आला म्हणून घरच पाडण्याचा. दुसरा सल्ला ऐकून पंधरा वर्षांचीं छायाचित्रें एका दुपारीं नाहींशीं झालीं, म्हणजे मग दोष कोणाला द्यावा? वास्तविक रोग बहुधा लहान असतो, आणि तो कोठें आहे हें क्रमानें पाहिल्यास हिशेबाच्या एकाहि अक्षराला धक्का न लावतां बरा होतो.

एक संगणक दुसऱ्याजवळ फाइल कशी मागतो, हें प्रथम ध्यानांत घ्यावें. आधीं दोघांमध्यें रस्ता हवा. मग प्रत्येकाला पत्ता हवा. पत्ता पाठ नसेल तर नांवावरून तो शोधण्याची सोय हवी. दारापर्यंत पोंचल्यावर दार उघडलें पाहिजे, आलेला मनुष्य ओळखीचा ठरला पाहिजे, आणि ज्या खोलींत तो जाऊं पाहतो तिची किल्लीहि त्याला मिळालेली असली पाहिजे. यांपैकीं एक कडी तुटली तरी पडद्यावर अपयशच दिसतें. परंतु त्या अपयशाचे शब्द प्रत्येक वेळीं वेगळे असतात. ते शब्द पुरते वाचण्याचा कंटाळा हेंच पुष्कळ घोटाळ्यांचें मूळ आहे. “रस्ता सांपडला नाहीं” हें एक दुखणें. “प्रवेश नाकारला” हें अगदींच निराळें. दुसरा संदेश आला तर खरें म्हणजे समाधान मानावें. नकार देण्यासाठीं कोणी तरी दारापर्यंत आलें आहे. म्हणजे रस्ता, पत्ता आणि दार या तिन्ही गोष्टी ठीक आहेत.

दारावरची ही बोलीहि जुनी आहे. १९८३ च्या सुमारास आय.बी.एम्. कंपनींतील बॅरी फायगेनबाऊम यांनीं ती रचिली. पुढें मायक्रोसॉफ्टनें ती उचलून वाढविली. तिचें आद्याक्षरी नांव एस्.एम्.बी. ऑस्ट्रेलियांत कॅनबेरा येथें शिकणाऱ्या अँड्र्यू ट्रिजेल यांनीं १९९१-९२ च्या सुमारास तारेवरून जाणारे संदेश न्याहाळून अशीच देवघेव दुसऱ्या जातीच्या संगणकांना शिकविली. त्या कार्यक्रमाला नांव हवें होतें, तेव्हां त्यांनीं एस्, एम् आणि बी हीं अक्षरें याच क्रमानें येणारे शब्द संगणकाकडूनच शोधविले, आणि त्यांत नृत्याचें ‘सांबा’ हें नांव निघालें. तेंच कायम झालें. आजहि फाइली सांठविण्याच्या कित्येक घरगुती पेट्यांत हें सांबा काम करीत असतें.

आतां रस्त्याकडे वळूं. धाब्याच्या घरांत येथेंच बहुधा पहिली ठेंच लागते. खालच्या राउटरच्या लहरी मातीच्या भिंतींतून वर पोंचत नाहींत, म्हणून बाजारांतून दुसरा राउटर आणून माडीवर बसवितात आणि खालून आलेली तार त्याला जोडतात. इंटरनेट चालूं लागतें. घरांतील माणसें निश्चिंत होतात. परंतु त्या दुसऱ्या राउटरनें माडीवर आपलें स्वतंत्र संस्थान थाटलेलें असतें. खालच्या संगणकाचा पत्ता १९२.१६८.१.५ असा, तर माडीवरच्या लॅपटॉपचा १९२.१६८.०.७ असा. तिसरा आंकडा निराळा दिसला, कीं घरगुती मांडणींत एका घरांत दोन पेठा झाल्या असें समजावें. अशा मांडणींत गंमत अशी होते, कीं पत्ता ठाऊक असल्यास माडीवरून खालीं जातां येतें, पण खालून वर जातां येत नाहीं. आणि नांवानें मारलेली हांक तर शिवेपाशींच विरते. उपाय सोपा आहे. दुसऱ्या राउटरच्या व्यवस्थेंत ‘अॅक्सेस पॉइंट’ हा प्रकार निवडावा. तो नसेल तर पत्ते वांटण्याचें त्याचें काम, म्हणजे डी.एच्.सी.पी., बंद करावें, त्याचा स्वतःचा पत्ता पहिल्या राउटरच्या पेठेंतला पण कोणीहि न वापरलेला असा ठेवावा, आणि खालून आलेली तार ‘वॅन’ लिहिलेल्या भोकांत न घालतां ‘लॅन’ लिहिलेल्या भोकांत घालावी. मग पत्ते वांटणारा घरांत एकच उरतो.

पत्ता पाहण्यासाठीं काळ्या खिडकींत ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा लिहावी. पत्त्याच्या आरंभीं १६९.२५४ हे आंकडे दिसले, तर राउटरकडून पत्ता मिळालाच नाहीं, आणि संगणकानें स्वतःच कांहीं तरी घेऊन वेळ भागविली आहे. अशा वेळीं तार, तिचें टोंक आणि राउटर हेंच तपासावें. शिवाय पाहुण्यांसाठीं म्हणून राउटरमध्यें जें वेगळें वायफाय ठेवतात, त्यावर जोडलेल्या यंत्रांना एकमेकांशीं बोलण्याची सहसा मनाई असते. घरचा लॅपटॉप चुकून पाहुण्यांच्या पंगतीला बसला असेल तर इतर सारी खटपट व्यर्थ आहे. झोपी गेलेला संगणकहि उत्तर देत नाहीं, हें सांगावयास नको. परंतु तासभर डोकें फोडल्यावर हेंच कारण सांपडल्याचीं उदाहरणें कमी नाहींत.

रस्ता आणि पत्ता ठीक असूनहि ‘नेटवर्क’ च्या खिडकींत दुसऱ्याचें नांव दिसत नाहीं, ही तक्रार सर्वांत अधिक. येथें एक कसोटी फार उपयोगी पडते. फाइलींच्या खिडकीच्या वरच्या पट्टींत दोन उलट्या तिरप्या रेघा काढून पुढें दुसऱ्या संगणकाचा पत्ता आंकड्यांत लिहावा. तेवढ्यानें कपाट उघडलें, तर बिघाड केवळ नांवें शोधणाऱ्या यंत्रणेंत आहे. ती सुधारेपर्यंत आंकड्यांनीं काम चालवावें. मात्र खानदेशांत वीज जाणें-येणें चालूंच असतें. राउटर पुन्हा सुरू झाल्यावर तो निराळाच पत्ता देऊं शकतो, आणि काल चाललेली वाट आज बंद पडते. म्हणून खालच्या संगणकाला राउटरमध्यें एक कायमचा पत्ता राखून ठेवावा.

दाराविषयीं विंडोजचा एक प्रश्न फार महत्त्वाचा आहे: हें जाळें खासगी, कीं सार्वजनिक? नव्या लॅपटॉपनें घरच्या जाळ्यालाच सार्वजनिक समजावें, असें पुष्कळदां घडतें. मग तो बसस्थानकांत बसल्यासारखा गप्प राहतो. ‘पिंग’ च्या हांकेलाहि ओ देत नाहीं. तेवढ्यावरून तो मेला असें मानूं नये. त्या जाळ्याला ‘प्रायव्हेट’ ठरवून फाइली वांटण्याची परवानगी दिली म्हणजे योग्य तेवढेंच दार उघडतें. फायरवॉल बंद करण्याचें कारणच उरत नाहीं. २००९ मध्यें विंडोज ७ बरोबर आलेली ‘होमग्रूप’ ही सोय २०१८ मध्यें विंडोज १० मधून काढून टाकण्यांत आली. तिच्यावर भिस्त ठेवणारीं जुनीं मार्गदर्शनें आतां उपयोगाचीं नाहींत.

फायरवॉलविषयीं इतकी काळजी कां, तें २०१७ सालीं जगानें पाहिलें. एस्.एम्.बी.च्या पहिल्या, जुन्या पिढींतील एका छिद्राची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनें १४ मार्चला प्रसिद्ध केली. ज्यांनीं ती बसविली नाहीं, त्यांच्या संगणकांत १२ मे रोजीं ‘वॉनाक्राय’ नांवाचा किडा त्याच वाटेनें शिरला, फाइली कुलूपबंद करून खंडणी मागूं लागला, आणि एका यंत्रांतून शेजारच्या यंत्रांत आपोआप जाऊं लागला. ब्रिटनमधील रुग्णालयांचीं कामें अडलीं. विंडोज १० नें त्याच वर्षाच्या उत्तरार्धापासून नव्या संगणकांवर ही जुनी पिढी बसविणें थांबविलें. आजहि एकाद्या घरांत २००१ चें विंडोज एक्सपी चालत असतें आणि त्याला नेमकी तीच जुनी बोली येते. “ती पुन्हा चालूं करा, लगेच जमेल” असें सांगणारे भेटतात, आणि लगेच जमतेंहि! तरी तें करूं नये. त्या संगणकाची तार काढावी, त्यांतील फाइली एकदांच पेनड्राइव्हनें बाहेर आणाव्या, आणि त्याला निवृत्त करावें. विंडोज ७ ला ह्या बोलीची दुसरी पिढी येते, म्हणून त्याच्याशीं बोलण्यास जुनें दार उघडावें लागत नाहीं. तथापि त्याच्याहि दुरुस्त्या जानेवारी २०२० पासून थांबल्या आहेत, हें विसरूं नये.

उरली ओळख. खालच्या संगणकावर वडिलांनीं पासवर्ड ठेविलेलाच नसतो; घरांत चोर कोण, असा त्यांचा सवाल. परंतु पासवर्ड नसलेल्या खात्यानें त्याच यंत्रासमोर बसून काम करतां येतें, जाळ्यावरून आंत येतां येत नाहीं, असा विंडोजचा नियम आहे. पडद्यावरील संदेशांत हेंच कारण लिहिलेलें असतें. चार अंकी पिनहि येथें चालत नाहीं. ती त्या एका यंत्रापुरतीच असते. विंडोज ११ च्या २०२४ मधील आवृत्तीनें तर कित्येक ठिकाणीं निनांवी पाहुण्यांना दारच बंद केलें. तेव्हां खालच्या संगणकावर मुलीसाठीं एक स्वतंत्र खातें उघडून त्याला पासवर्ड द्यावा, हें सरळ. तरीहि नकार आला, तर परवानग्या दोन ठिकाणीं असतात हें आठवावें: एक वांटलेल्या कपाटाची, दुसरी डिस्कवरील खोलीची. दोहोंपैकीं जी कडक, तीच लागूं होते.

एवढें सारें होऊन हिशेब वर येतो, आणि उघडल्यावर दिसते ती रोमन अक्षरांची खिचडी! हा दोष जाळ्याचा नव्हे. युनिकोड रुळण्यापूर्वीं श्रीलिपि किंवा पुण्याच्या सी-डॅकचें आय.एस्.एम्. वापरून जें मराठी टंकिलें गेलें, त्यांत पुष्कळदां रोमन अक्षरांच्या जागीं देवनागरीचे तुकडे बसविलेले असत. तो फाँट माडीवर नसेल तर मजकूर वाचतां येत नाहीं. फाँट बसवावा, किंवा मजकूर युनिकोडमध्यें बदलून घ्यावा. मूळ फाइल मात्र तशीच राखावी.

मुलीच्या खात्याला प्रारंभीं केवळ वाचण्याचीच परवानगी देणें बरें. जाळ्यावरून दुसऱ्याच्या कपाटांतील फाइल पुसली, तर ती बहुधा कचऱ्याच्या टोपलींत जात नाहीं. थेट नाहींशी होते. म्हणून ज्या पेनड्राइव्हनें इतके दिवस जिना चढला-उतरला, त्यावर हिशेबाची आणि छायाचित्रांची एक प्रत उतरवून तो खालच्या लोखंडी कपाटांत ठेवावा, आणि दर महिन्याला काढून ती प्रत ताजी करावी.