एका एक्स-रेची धास्ती
नगर जिल्ह्यात श्रीरामपूरला बँकेत असताना एक कारकून केबिनमध्ये आला. "साहेब, खोकल्यासाठी बायकोच्या छातीचा एक्स-रे काढला, आणि मग कळलं दिवस गेलेत. आई म्हणते, पाडा." मी त्याला डॉक्टरीणबाईंकडे धाडलं.

पहिल्या दोन आठवड्यांत गर्भ म्हणजे पेशींचा इवलासा पुंजका. किरणांचा जबर मारा झाला तर तो रुजतच नाही. तगला तर बहुधा धडधाकट वाढतो. नाजूक काळ पुढचा, अवयव घडण्याचा. मेंदूसाठी आठवा ते पंधरावा आठवडा. पण धोका धरतात तो साधारण १०० मिलिग्रेपुढे. छातीच्या एक्स-रेतून गर्भाला ०.०१सुद्धा पोचत नाही. आमच्या खतावणीत अशी रक्कम मांडलीच नसती! पोटाच्या सीटी स्कॅनआधी मात्र पाळीची तारीख सांगावीच.

मुलगी झाली. पेढे घेऊन आजीच बँकेत आली.