व्हर्च्युअल मशीनच्या तळाशी राहून गेलेलं काम

मे २०२५ मध्ये नवा रायपूरच्या सेक्टर २२ मध्ये रॅकबँकच्या एआय डेटा सेंटर पार्कचं भूमिपूजन झालं. छत्तीसगडचं राज्य डेटा सेंटरही रायपुरातच आहे, आणि ते 'चिप्स' ही सरकारी संस्था सांभाळते. डेटा सेंटरमध्ये एकाच सर्व्हरवर व्हर्च्युअल मशीन सॉफ्टवेअर दहा-वीस स्वतंत्र संगणक चालवू शकतं. कुठे जमिनीच्या नोंदी, कुठे पगारपत्रकं. हे सॉफ्टवेअर अद्ययावत करायचा विषय निघाला की चर्चा परवान्यांवर आणि नव्या आवृत्तीवर होते. डिस्क, मदरबोर्ड, नेटवर्क कार्ड यांच्या आत बसलेलं फर्मवेअर मात्र खरेदीच्या दिवशी होतं तसंच राहतं. सुधारणेचा आराखडा त्याच्यापासूनच सुरू व्हायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

नोव्हेंबर २०१९ मध्ये एचपीई कंपनीने जाहीर केलं, की तिच्या काही एसएसडी डिस्क ३२,७६८ तास चालल्या की कायमच्या बंद पडतील. म्हणजे ३ वर्षं, २७० दिवस आणि ८ तासांनी. दोष फर्मवेअरचा होता. डिस्कही वाचत नव्हती आणि तिच्यावरची माहितीही. एक डिस्क गेली तर दुसरी सावरून घेईल म्हणून आपण डिस्कची 'रेड' (RAID) रचना लावतो. पण एका सर्व्हरमधल्या डिस्क बहुधा एकाच दिवशी चालू झालेल्या असतात, त्यामुळे त्या मागोमागच जाणार. अशा वेळी व्हर्च्युअल मशीनच्या आत कितीही शोधलं तरी बिघाड सापडत नाही. तो खालच्या थरात असतो. तिथल्या फर्मवेअरच्या बहुतेक आवृत्त्या आयलो किंवा आयड्रॅकसारख्या रिमोट मॅनेजमेंटच्या पानावर दिसतात. बघायला काही मिनिटं पुरतात.

'चाललंय ना, मग हात कशाला लावायचा?' हा आक्षेप पोकळ नाही. फर्मवेअर भरताना वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो. पण न लावलेल्या पॅचची किंमतही दिसली आहे, जरी ते उदाहरण फर्मवेअरचं नसून व्हर्च्युअल मशीन सॉफ्टवेअरचं आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये ईएसएक्सआयआर्ग्ज या खंडणीखोर हल्ल्याने जगभरातले हजारो व्हीएमवेअर सर्व्हर गाठले; तो ज्या फटीतून शिरल्याचं मानलं जातं, तिचा पॅच दोन वर्षं आधीच निघाला होता. सेवा बंद ठेवता येत नाही, हा दुसरा आक्षेप. व्हर्च्युअल मशीनचा खरा फायदा इथेच आहे: चालू मशीन शेजारच्या सर्व्हरवर हलवायच्या, रिकामा झालेला सर्व्हर अद्ययावत करायचा, तपासायचा, मग पुढचा घ्यायचा. त्याआधी बॅकअप परत उभा राहतो का ते करून पाहायचं, आणि कोणत्या फर्मवेअरसोबत कोणता ड्रायव्हर चालतो ते कंपनीच्या सुसंगतता यादीत जुळवायचं. मशीन अशा हलवण्यासाठी एका सर्व्हरइतकी जागा कायम मोकळी लागते. हिशेब तपासणारे तिला उधळपट्टी म्हणतील. म्हणून ती जागा आणि फर्मवेअरच्या देखभालीचं वेळापत्रक, दोन्ही निविदेतच लिहून घ्यायला हवीत. नवा रायपुरात नवी केंद्रं उभी राहत असताना ही अट घालणं सोपं आहे.